तिसरा बार

कोडगूत बंदुकीला दोनच शब्द येतात. एक बार वाजला की कुणाच्या तरी घरी मुलगा झाला. लागोपाठ दोन वाजले की कुणीतरी गेलं. मुलगी झाली तर बंदूक गप्प बसते. हे अज्ञान बंदुकीचं की माणसांचं, याबद्दल मंजिकेरी गावातल्या बायकांचं मत ठाम होतं, पण ते कोणी विचारलं नव्हतं.

एवढ्याशा शब्दसंग्रहावर त्या खोऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार केला होता. सत्तरच्या दशकात मी तिथल्या कॉफी डेपोत नोकरीला लागलो, तेव्हा गावात टेलिफोन एकच, पोस्टात, आणि पावसाळ्यात तोही मुका. मळ्यांमधली घरं इतकी लांब लांब की शेजाऱ्याचा दिवा दिसायचा, पण हाक पोचायची नाही. बार पोचायचा.

अशा ठिकाणी बंदुका दुरुस्त करण्याचं दुकान चालवायचं म्हणजे काय अडचण असते, हे बाहेरच्याच्या चटकन लक्षात येत नाही. दुरुस्त केलेली बंदूक वाजवून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देता येत नाही. एकनळी असेल तर एक बार, म्हणजे पुत्रप्राप्ती. दुनळी असेल तर दोन, म्हणजे मयत. मुद्दय्या ऐरीने यावर काढलेला तोडगा सरळ होता. बंदूक एकनळी असो की दुनळी, तो तीन बार काढायचा, एकामागून एक. तिनाला काही अर्थ नव्हता. तीन वाजले की लोक म्हणायचे, "मुद्दय्या आहे," आणि आपापल्या कामाला लागायचे.

या जादा काडतुसाचे पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यावेत, असं त्याची बायको चोंदव्वा म्हणायची. मुद्दय्या ऐकायचा नाही.

"दुकानाची पाटी पावसाने धुऊन गेली. मी पुन्हा रंगवली का?" तो विचारायचा. "नाही रंगवली. कशाला रंगवू? सगळ्या खोऱ्यात माझं नाव वाजतंय."

"वाजतंय खरं," चोंदव्वा म्हणायची. "पण ऐकणारा एकजण तरी उठून दुकानात येतोय का?"

मुद्दय्याचा बाप कोयते, नांगराचे फाळ आणि कोडव लोक कमरेला लावतात त्या कट्यारी घडवायचा. मुद्दय्या तरुणपणी घरातून पळाला तो थेट पुण्याजवळच्या खडकीला, लष्कराच्या एका वर्कशॉपात. काही वर्षांनी परतला तो दोन गोष्टी घेऊन: कानशींचा एक संच आणि 'आयला' हा शब्द. हा कारागिरांचा काहीतरी सांकेतिक शब्द असावा, अशी त्याची समजूत होती. कारण खडकीत काम बिघडलं की तो म्हटला जाई आणि काम जमलं तरी म्हटला जाई. मी पहिल्यांदा त्याच्या दुकानावरून जात होतो, तेव्हा आतून 'आयला' ऐकू आलं आणि माझे पाय रस्त्यातच थांबले. कोडगूतल्या त्या ओल्या बाजारात इतकं आपलं असं काही मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. त्या शब्दाचा अर्थ मी त्याला कधी सांगितला नाही. देवासमोर नारळ फोडतानाही तो म्हणायचा.

दुकान बंदुकांचं असलं तरी घर चालायचं ते छत्र्या, कुकर आणि कॉफीची फळं सोलायची यंत्रं यांच्यावर. कामाच्या बाकड्यावर मुद्दय्याने खिळ्याने मधोमध रेघ ओढली होती. डावीकडे बंदुका, उजवीकडे बाकीचं जग. कुकरची शिट्टी कधी चुकून डावीकडे घरंगळली तर तो ती चिमटीत धरून परत पाठवायचा.

त्याच्या म्हणण्याप्रमाणे या धंद्यात एक मूलभूत दोष होता, तो म्हणजे बंदूक मरत नाही. पणजोबाची बंदूक पणतू वापरतो आणि 'ही पणजोबांची' असं सांगताना त्याला नव्या बंदुकीपेक्षा जास्त आनंद होतो. त्यामुळे नवी कोणी घेत नाही. राहिली दुरुस्ती. ती चांगली केली तर गिऱ्हाईक वीस वर्षं परत येत नाही, आणि वाईट केली तर कधीच येत नाही. शिवाय बंदूक दुरुस्तीला टाकणारा माणूस ती टाकून निघून जात नाही. दवाखान्यात नातेवाईक बसावा तसा समोर बसून राहतो, दर थोड्या वेळाने 'कशी आहे आता?' म्हणून विचारतो आणि चोंदव्वाची कॉफी पितो. त्या बाकावर मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या. नळीत गेलेला तेलाचा बोळा, घासलेल्या पोलादाचा वास, आणि कुणाच्या तरी आजोबांनी मारलेलं तेच ते रानडुक्कर, जे दर वर्षी थोडं थोडं वाढत होतं.

खरी कमाई एकाच सणाची. भाताची लावणी आटोपली की सप्टेंबरच्या सुरुवातीला कैलपोळद येतो. त्या दिवशी घरोघरच्या बंदुका देवघरात मांडून पूजा होते, आणि मग गावच्या मैदानावर उंच झाडाला बांधलेला नारळ उडवण्याची चढाओढ लागते. देवासमोर गंजकी बंदूक कोण ठेवणार? म्हणून त्याआधीचा महिना-दीड महिना खोऱ्यातल्या सगळ्या बंदुका मुद्दय्याच्या बाकड्यावरून जायच्या. तेवढ्या दिवसांत जे मिळे त्यावर दुकानाचं वर्ष उभं राहायचं किंवा बसायचं.

आणि नेमक्या त्याच हंगामात, कक्कडच्या मुसळधार महिन्यात, एका दुपारी त्याने एक दुनळी दुरुस्त करून परसात नेली. उजवी नळी वाजली. डावी वाजली. त्याने बंदूक उघडून तिसरं काडतूस भरलं आणि चाप ओढला. टिक.

कागदी काडतूस दमटपणाने फुगलं होतं. आता इथे दुसरा कोणी असता तर त्याने झटकन बंदूक उघडून ते फेकलं असतं. पण मुद्दय्या खडकीत शिकला होता. न वाजलेलं काडतूस ताबडतोब उघडायचं नसतं. कधीकधी दारूला उशिरा आठवण होते. तेव्हा तो नळी डोंगराकडे रोखून पावसात पुतळ्यासारखा उभा राहिला. दारूला काही आठवलं नाही. मग त्याने सावकाश बंदूक उघडली आणि काडतुसांच्या कपाटाकडे धावला. कपाटाला कुलूप होतं. किल्ली चोंदव्वाच्या कमरेला होती आणि चोंदव्वा पीठ दळायला गेली होती.

तोपर्यंत खोऱ्याने वाक्य पूर्ण ऐकलं होतं: दोन बार.

कोण गेलं, याबद्दल फारसा प्रश्न नव्हता. मुद्दय्याच्या परसामागे जो डोंगर होता त्याच्या माथ्यावर मेदप्पा अज्जाचं घर होतं. आवाज तिकडूनच आल्यासारखा वाटला. मेदप्पा महिनाभर खोकत होता. गोणीकोप्पलच्या डॉक्टरने त्याला तपासून मान हलवली होती. कशासाठी ते सांगितलं नव्हतं. त्या भागातल्या मोठ्या घराण्याचा तो कर्ता, आणि त्याच्या घरच्या बाराही बंदुका मुद्दय्याकडे यायच्या. तो ज्या दुकानात जाई तिथे गाव जाई.

डेपो बंद झाला. पांढरे कपडे घालून, छत्र्या घेऊन आम्ही डोंगर चढलो. पुढे पोस्टमास्तर, कारण अशा प्रसंगी काय बोलायचं ते त्यांना ठाऊक होतं.

पडवीत मेदप्पा अज्जा भाजलेल्या फणसाच्या बिया सोलून खात बसला होता.

"या, या," तो म्हणाला. "बार मीही ऐकले. कोण गेलं?"

पोस्टमास्तर छत्री मिटवण्यात गुंतले. ती आधीच मिटलेली होती.

"अरे, विचारतोय कोण गेलं म्हणून. आणि सगळे इकडे कसे आलात? मला न्यायला?"

"हो अज्जा," पोस्टमास्तर म्हणाले. "तुम्हालाच न्यायला आलो." हे शब्दशः खरं होतं.

"मग थांबा जरा. कपडे बदलतो. सगळं गाव तिकडे जाणार आणि मी एकटा घरात बसून काय करू?"

तो आत गेला आणि पांढरं धोतर, पांढरा सदरा घालून, काठी घेऊन बाहेर आला. आम्ही अंगणात तसेच उभे. एवढ्यात वळणावरून त्याची चुलतबहीण वर आली. ती डोंगराच्या पायथ्यापासूनच रडत आली होती आणि आता समोर पांढऱ्या कपड्यांत उभा असलेला मेदप्पा बघूनही तिला एकदम थांबता येईना.

"अगं, कोणासाठी रडतेस ते तरी सांग!" मेदप्पा वैतागून म्हणाला. "हे लोक काही बोलत नाहीत."

"तुझ्यासाठीच रे, दादा!"

"का? मला काय झालंय?"

"ते आता तूच सांग," ती म्हणाली आणि पदराने नाक पुसून पायरीवर बसली.

तेवढ्यात खालून मुद्दय्या धापा टाकत आला. अंगावर कोरडा धागा नाही, एका हातात दुनळी, दुसऱ्या हातात कोरडं काडतूस.

"अज्जा," तो म्हणाला, "तिसरं ओलं निघालं."

मेदप्पाला सगळं उमगलं. तो हसायला लागला तो इतका की खोकला आला, आणि खोकला इतका की क्षणभर आम्हाला वाटलं, आपलं येणं वाया जात नाही. मग तो पाणी प्यायला आणि त्याने हुकूम सोडला. "मुद्दा, आधी तो तिसरा काढ. खाली अजून लोक चढतायत, उगाच दमतील. आणि तुम्ही बसा रे. आलाच आहात तर कॉफी घ्या."

मुद्दय्याने अंगणातून तिसरा बार काढला. चूक दुरुस्त झाली असं सगळ्यांना वाटलं. कोणाच्या लक्षात आलं नाही की वाक्यात विराम कुठे घेतला यावर अर्थ ठरतो. दोन बारांनंतर जवळजवळ तासाने वाजलेला बार हा तिसरा नसतो. तो पहिला असतो.

खोऱ्याला कळलं ते असं: मेदप्पा अज्जा गेला आणि तासाभरात त्याच घरात मुलगा झाला. काही म्हाताऱ्यांना तर गहिवरून आलं. अज्जा गेला आणि पाठोपाठ परत आला, असं त्यांचं म्हणणं पडलं.

अडचण एवढीच होती की त्या घरात दोनच माणसं राहायची: मेदप्पा आणि त्याचा मुलगा कॅप्टन बिद्दप्पा. बिद्दप्पा लष्करातून निवृत्त झालेला, पन्नाशीचा, शिस्तीचा आणि अविवाहित होता.

त्या दिवशी तो जीप घेऊन गोणीकोप्पलला गेला होता. परतताना पुलावर ताडीवाल्याने हात जोडून सांगितलं, अज्जा गेले. बिद्दप्पाने ओठ घट्ट मिटले आणि जीप जोरात हाणली. पुढच्या वळणावर सोसायटीच्या चेअरमननी हात आडवा केला. "कॅप्टन, दुःखात सुख म्हणायचं! मुलगा झाला ना?" आणि मग आवाज खाली आणून, "आम्हाला काही बोलला नाहीत कधी."

बापाच्या मरणाची बातमी त्याने सैनिकाला शोभेल अशी घेतली होती. मुलाच्या जन्माची नाही घेतली.

अंगणात पोचल्यावर बाप जिवंत दिसला, त्याचाही त्याला पुरेसा आनंद झाल्याचं दिसलं नाही. तो सरळ मुद्दय्यासमोर गेला.

"दुकान चालवतोस की तारघर?"

"चूक झाली, कॅप्टन."

"एक नाही, दोन झाल्या. आमच्या घरची एकही बंदूक यापुढे तुझ्याकडे येणार नाही. म्हैसूरला नवं दुकान निघालंय. तिथे जमिनीत खड्डा करून त्यात बार काढतात. बाहेर कुणाला ऐकूसुद्धा येत नाही."

"ऐकू येत नाही तर मग बार कशाला काढायचा?" मेदप्पाने पडवीतून विचारलं.

"तुम्ही आत बसा, अप्पा. तुम्हाला भेटायला लोक आलेत."

त्या रविवारी गावची बैठक बसली आणि ठरलं की बाजारपेठेतून यापुढे चाचणीचा एकही बार निघायचा नाही. एक नाही, दोन नाहीत, तीनही नाहीत. मेदप्पा तिथे हजर होता, पण काही बोलला नाही. ज्याच्या मरणावर चर्चा चालली आहे त्याने मध्ये पडू नये, असं त्याला वाटलं असावं.

मुद्दय्याने निर्णय मान खाली घालून ऐकला. त्याचा अर्थ त्याला सगळ्यांच्या आधी कळला होता. वाजवून न बघितलेली बंदूक म्हणजे महागडी काठी. ती कोण घेणार? चार दिवसांत लोक यायला लागले, अवघडल्यासारखे हसत. "तसं काही नाही रे मुद्दय्या, तुझ्या हाताबद्दल शंकाच नाही. पण आता म्हैसूरला एकजण चाललाच आहे, तर त्याच्याबरोबर देतो पाठवून." बाकड्याची डावी बाजू हळूहळू रिकामी झाली. सण तीन-चार आठवड्यांवर आला तेव्हा तिथे तेलाचे डाग तेवढे उरले होते. उजवीकडे कुकर होते. मी बाकावर जाऊन बसायचो, पण आजोबांचं रानडुक्कर मारायला कोणीच नसायचं.

एका संध्याकाळी चोंदव्वा कॉफी घेऊन आली आणि त्या रिकाम्या जागेवरच तिने कप ठेवले. मुद्दय्याने ते उजवीकडे सरकवले नाहीत. तेव्हा मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

"बापाचा भाता अजून आहे मागे," तो म्हणाला. "कोयते घडवीन."

"घडवा. पण त्याआधी एक सांगा. कैलपोळदच्या दिवशी मैदानावर किती बार वाजतात?"

"किती म्हणजे? सकाळपासून वाजतातच की. कोण मोजतंय?"

"तेच म्हणते मी," चोंदव्वा म्हणाली. "कोण मोजतंय?"

मुद्दय्याने कप खाली ठेवला.

"त्या दिवशी बाजारातून नाही काढायचा बार," ती पुढे म्हणाली. "मैदानावर काढायचा. ज्याची बंदूक त्याने, सगळ्यांसमोर, नारळावर. वाजली तर पैसे. नाही वाजली तर नाहीत."

"वेडी झालीस? न तपासलेली बंदूक माणसाच्या हातात देऊ? आणि सगळ्या खोऱ्यासमोर टिक झालं म्हणजे?"

"म्हणजे कोयते घडवा. आत्ता तरी काय चाललंय? कोणी बघत नाही आणि काही वाजतही नाही."

त्याने दाढी खाजवली. मग हळूच म्हणाला, "आयला."

ते जमल्याचं होतं की बिघडल्याचं, ते मला ओळखू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी धुऊन गेलेल्या पाटीवर चोंदव्वाने रंगाने लिहवून घेतलं: 'बार मैदानावर. पैसे बार वाजल्यावर.' बाजारात हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. "आधी लग्न, मग मुलगी बघायची म्हणे," ताडीवाला म्हणाला. तरी ज्यांना म्हैसूरची बस लागत होती अशा सहा-सात जणांनी बंदुका आणून टाकल्या. एवढ्यावर हंगाम होत नाही. सगळं गाव मेदप्पाच्या घराकडे बघत होतं आणि मेदप्पाच्या घरून जीप अजून उतरली नव्हती.

जीप नाहीच उतरली. एका सकाळी मेदप्पा स्वतः उतरला, चालत, घोंगडीत गुंडाळलेली त्याची जुनी दुनळी खांद्यावर घेऊन. मागे दहा पावलांवर बिद्दप्पा, जीपची किल्ली बोटात फिरवत.

"अप्पा, म्हैसूरला मी स्वतः घेऊन जातो म्हटलं ना."

"माझी बंदूक बसने गेलेली नाही कधी. जीपनेही जाणार नाही," मेदप्पा म्हणाला आणि घोंगडी बाकड्यावर ठेवली, बरोबर डाव्या बाजूला. "मुद्दा, हिची डावी नळी वाजत नाही."

"कधीपासून, अज्जा?"

"बिद्दप्पा लष्करात गेला तेव्हापासून. मी उजवीवरच भागवलं इतकी वर्षं. पण मागच्या महिन्यात तू मला मारलंस, तेव्हापासून वाटतंय, असलेलं सगळं वापरून घ्यावं."

"ठीक आहे," बिद्दप्पा म्हणाला. "तसं असेल तर माझंही ऐक, मुद्दय्या. मैदानावर ही डावी नळी वाजली तर घरच्या बाकीच्या अकरा तुझ्या. नाही वाजली तर अकराही म्हैसूरला, कायमच्या, आणि हीसुद्धा. मग अप्पांनी कितीही चालत यावं."

"वाजेल," मुद्दय्या म्हणाला. पण तो बंदुकीकडे बघत नव्हता.

डाव्या घोड्याची कमान, म्हणजे स्प्रिंग, मेली होती. ती मिळणं शक्य नव्हतं. बंदूक ज्या कारखान्याने केली तो कारखाना मालकांसकट कधीच गेला होता. मुद्दय्याने एका जुन्या करवतीच्या पात्यातून कमान कापली, कानशीने उतरवली, भट्टीत तापवून निळा रंग चढला तशी तेलात बुडवली. पहिली वाकवताना तुटली. दुसरी बसवताना तुटली. तिसरी बसली. मग त्याने रिकाम्या काडतुसाची नुसती टोपी लावून चाप ओढला. दुकानातल्या दुकानात टिकली फुटावी तसा आवाज आला. म्हणजे घोडा मारत होता. पण टोपीने नारळ पडत नाही. इतकी वर्षं गप्प बसलेली नळी भरल्या काडतुसाला काय उत्तर देते, हे विचारायला त्याला बंदी होती. नळी त्याने आतून पुसली, उजेडाकडे धरून बघितली, परत पुसली. त्या आठवड्यात त्याने ती इतक्या वेळा पुसली की आत आकाश दिसायला लागलं होतं.

सणाच्या आदल्या दिवशी ढग गडगडत होते. चोंदव्वाने खिडकीतून वर बघितलं.

"काढा एक गुपचूप. कोणाला कळतंय?"

"पाटी तूच लिहवलीस," मुद्दय्या म्हणाला आणि बंदूक घोंगडीत गुंडाळली.

कैलपोळदच्या सकाळी घरोघर देवघरात बंदुका मांडल्या गेल्या आणि प्रत्येकीवर लालपिवळ्या पाकळ्यांचं एकेक रानफूल चढलं. तिथे त्याला बंदुकीचं फूल म्हणतात. आपल्याकडे त्याच झाडाला कळलावी म्हणतात. दोन्ही नावं एकाच अनुभवातून आली असावीत.

पूजा झाली, दुपारी सगळे मैदानावर जमले. तांदळाच्या उकडलेल्या गोळ्यांचे डोंगर, डुकराचं काळं झणझणीत कालवण, आणि हवेत दारूचा वास, दोन्ही प्रकारच्या. झाडाच्या शेंड्याजवळ नारळ बांधला होता. बार सुरू झाले आणि खरोखरच कोणी मोजेना. मुद्दय्याच्या त्या सहा-सात बंदुका एकामागून एक पुढे आल्या आणि वाजल्या. त्यांतली एक दुनळी सलग दोनदा वाजली तरी कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मुद्दय्या एका बाजूला उभा होता. हाताला काहीतरी काम हवं म्हणून चोंदव्वाने त्याच्या हातात भरलेलं ताट दिलं होतं.

मग मेदप्पा अज्जा काठी टाकून पुढे झाला आणि मैदान आपोआप गप्प झालं. बिद्दप्पा बापाच्या मागे हाताची घडी घालून, ताठ. अज्जाने दोन्ही नळ्या भरल्या, दस्ता खांद्याला टेकवला, उजवा घोडा ओढून चाप दाबला. बार. नारळ जागच्या जागी.

त्याने सावकाश डावा घोडा ओढला. मला तो ओढल्याचा आवाज ऐकू आला, एवढी शांतता होती. मुद्दय्याने ताटातला अख्खा गोळा तोंडात कोंबला होता आणि तो चावायला विसरला होता.

बार.

पानं गळून खाली आली. धूर नारळाच्या बाजूने वर गेला. नारळ तसाच.

"अज्जा," मागून पोस्टमास्तरांनी विचारलं, "आज कोण गेलं म्हणायचं?"

मैदान हसून कोसळलं. मेदप्पा हसला नाही. त्याने बंदूक उघडली, डाव्या नळीचं रिकामं काडतूस काढून नाकाला लावलं, नळीतून आकाशाकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दोन्ही नळ्यांना काही झालेलं नाही. नारळ चुकीच्या जागी बांधलाय."

मग बैठकीत न काढलेला आवाज काढून तो म्हणाला, "आणि यापुढे मुद्दय्याचे बार इथेच. बाजाराच्या दिवशी, दुपारी, सगळ्या गावासमोर. कोण वाजवतंय ते दिसलं म्हणजे कोणाला डोंगर चढायला नको." कोणी हरकत घेतली नाही.

बंदूक बिद्दप्पाच्या हातात देऊन तो जेवायला गेला. बिद्दप्पा मैदान ओलांडून मुद्दय्यासमोर आला. शब्द पाळायची सवय असलेल्या माणसाला शब्द पाळताना किती त्रास होतो ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"उद्या सकाळी जीप पाठवतो," तो म्हणाला. "अकरा आहेत. सगळ्या घे."

मुद्दय्याच्या तोंडात अजून तो गोळा होता. त्याने मान हलवली, डोळ्यांत पाणी आलं, आणि ठसका लागला.

"एकदम अकरा नाही जमणार, कॅप्टन," चोंदव्वा पुढे होऊन म्हणाली. "पाच उद्या आणा. बाकीच्या पुढच्या बाजारी. आमच्याकडे रांग आहे."

रांग कुठेच नव्हती. बिद्दप्पाने आजूबाजूला बघितलं, ती दिसली नाही, तरी त्याने मान तुकवली आणि पाचावर कबूल झाला. हे ताडीवाल्याने ऐकलं, आणि त्याच्या शेजारच्याने. चोंदव्वाने मुद्दय्याच्या पाठीत एक थाप मारली, गोळा खाली उतरला, आणि तोपर्यंत घोंगडीत बंदुका गुंडाळलेली चार माणसं तिच्यामागे येऊन उभी राहिली होती, आपला नंबर कितवा म्हणून विचारत.